वेगळ्या खिळ्यावरचा टावेल

आमच्या घरात माणसं पाच आणि तोंड धुवायची रीत एक. मोरीच्या दगडावर लाल साबणाची वडी, भिंतीच्या खुंटीवर टावेल. बाबा शेतातून आले की त्या वडीनं कोपरापासून कपाळापर्यंत सगळं एका दमात घासून काढायचे. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच राहायची, तिचंही तेच. ताईचं तेच, माझं तेच. कोणाचं कातडं कसं आहे हा प्रश्न आमच्या अल्लीपुरात तेव्हा कोणी कोणाला विचारला असता तर लोक हसले असते. तोंड म्हणजे तोंड, त्यात काय पाहायचं?

आता मागं वळून पाहते तर हसू येतं, कारण एका छपराखाली किती तऱ्हा होत्या! बाबा भर उन्हात दिवस काढायचे तरी त्यांचा चेहरा कधी उलला नाही, उलट संध्याकाळी चमकायचा. ताई बाबांवर गेली होती. तिच्या नाकावर, कपाळावर दुपारपर्यंत तेल यायचं आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या. आत्या तिला चिडवायची, "हिच्या कपायावर पोळी टाकली तं तव्याचं काम नाई अन् तेलाचंही नाई!" ताई बिचारी दिवसातून चार-चारदा साबण लावायची, सुटीच्या दिवशी बेसनात लिंबू पिळून फासायची. तिला ते मानवायचंही. चेहरा असा लख्ख निघायचा की शेजारणी म्हणायच्या, पोरगी कशी उजळली!

आई मात्र साबण तोंडाला लावायचीच नाही. नुसत्या पाण्यानं तोंड धुवायची, आणि पाणी पुसायच्या आधीच खोबरेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन ओल्या गालांवर फिरवायची. हिवाळ्यात तेल थिजलं की बाटली अंगणात उन्हाला ठेवायची. मला वाटायचं, ही जुनी बाई, हिला काय कळतं! साबण वाचवत असेल. मला आईसारखं व्हायचंच नव्हतं. मला ताईसारखं लख्ख व्हायचं होतं.

मी दहावीत होते. सत्तरचं दशक सरून ऐंशीचं लागलं होतं. ताई एकदा साबण लावायची तिथं मी दोनदा लावायची. तिचं उरलेलं बेसन-लिंबू वाटी निपटून मी फासायची. धुतल्यावर चेहरा असा ओढल्यासारखा व्हायचा की हसायला गेलं तर गाल दुखायचे. मी म्हणायची, वा! याला म्हणतात स्वच्छ. खरं सांगते, त्या ताणलेपणाचा मला अभिमान होता.

मग थंडीचे वारे सुटले. आमच्याकडची थंडी कोरडी. पायाच्या टाचा, ओठ, हाताची बोटं सगळं उलतं. माझ्या डाव्या गालावर चाराण्याएवढा एक फिकट डाग उठला. हात लावला तर खरबरीत. पाठोपाठ हनुवटीजवळ दुसरा. मी काय केलं असेल? अजून साबण लावला. डाग अजून फिकट झाला, अजून पसरला.

तो पहिल्यांदा आत्यानं पाहिला. अंगणात उन्हात बसून आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि लगेच हात काढून घेतला.

"अवं माय! हे काय होय वं तोंडावर?"

आई धावत आली. बाबा आले. प्रत्येकाच्या मनात काय आलं ते मला ऐकू आल्यासारखं कळलं. आमच्या जिल्ह्यात फिकट डाग म्हटला की एकच गोष्ट. वर्ध्याकडे मोटारीनं जाताना महारोग्यांची वस्ती लागायची, तिथं आत्या पदर तोंडावर घ्यायची आणि आम्हा दोघींची डोकी खाली दाबायची. बाजाराच्या कडेला ते लोक बसायचे, त्यांच्यापुढं लोक पैसे वरूनच टाकायचे. ज्या रोगावर आमच्या जिल्ह्यात इतकी माणसं काम करत होती, त्याच रोगाचं नाव घ्यायला त्याच जिल्ह्यातली माणसं थरथरायची. दुसरीकडे कुठं असा डाग आला असता तर म्हणाले असते, पोरीला जंत झाले. आमच्याकडे म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, डोळे मिटूनच खुंटीकडे हात नेला. हाताला टावेल लागला तो ताईचा. माझा तिथं नव्हताच. मागच्या दाराच्या चौकटीत एक नवा खिळा ठोकला होता आणि माझा टावेल तिथं, एकटा. कंगवाही खाली कोनाड्यात वेगळा ठेवलेला.

"खिया कोणं ठोकला?" मी विचारलं.

ताई चुलीपुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मीनंच ठोकला. माह्यं साक्षगंध होऊन जाऊ दे वं. मंग पाहू."

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. ताईचं सिंदी मेघे गावच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा वर्ध्यात एका कार्यालयात नोकरीला, घरी थोडी शेती, माणसं भली. माघात साक्षगंध ठरलं होतं. धाकट्या बहिणीच्या तोंडावर डाग आहे हे तिकडे कळलं तर सोयरीक मोडेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ताईची भीती मला कळत होती. पण आम्ही दोघी जन्मल्यापासून एका वाकळीत झोपलो होतो, आणि त्या रात्रीपासून तिनं आपलं अंथरूण आईजवळ नेलं. मला तिचा राग आला, सपाटून राग आला. आजही त्या खिळ्याची आठवण आली की दातावर दात बसतो.

मग उपाय सुरू झाले. जो तो आपला उपाय घेऊन माझ्या चेहऱ्यावर चाल करून यायचा. लिंबू झालं, राख झाली, कोणीतरी सांगितलेला कुठलासा पाला झाला. शेवटी आत्यानं बावचीच्या बिया आणल्या. पांढऱ्या डागावर बावची हे आमच्या भागातलं जुनं औषध. तिनं बिया वाटल्या, लेप लावला आणि मला उन्हात बसवलं. "आग होईन थोडी. होऊ दे. उठू नको."

आग म्हणजे काय आग! संध्याकाळी दोन्ही डागांवर फोड आले, ते फुटले, आणि फिकट डागाभोवती काळपट कडं तयार झालं. आता तर लांबूनही दिसायला लागलं. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "पाय ना, औषधालेही जुमानत नाई!"

मी तिथल्या तिथं वाटी उचलली आणि उरलेला लेप उकिरड्यावर भिरकावला.

"आता बस! माह्या तोंडाले आता कोणाचाच हात लागन नाई. तुहाही नाई आत्या, अन् वैद्याचाही नाई. मले जे करायचं ते मी करन."

"जीभ पाय कशी चालते पोट्टीची!"

"चालन! तोंड माह्यं होय!"

आत्याशी इतकं तोडून बोलायची माझी पहिली वेळ. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. साबण लावणं शक्यच नव्हतं, नुसता फेस लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी नुसत्या पाण्यानं तोंड धुवायला लागले. ते पाहून आई एका सकाळी तेलाची बाटली घेऊन मोरीपाशी आली. घरात माझ्या अंगाला हात लावणारी तेवढी एकच बाई उरली होती. तिनं पाणी पुसू दिलं नाही, ओल्या गालावरच तेल लावलं, आणि बोटं फिरवता फिरवता थांबली.

"अवं, हे तं माह्यंच कातडं होय," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तवा तुह्या आत्यानं मलेही त्याच साबणानं घासाले लावलं होतं. माह्येही गाल असेच उलले होते. तुह्या बाबाचं कातडं ताईले गेलं, माह्यं तुले आलं. मले काऊन आधी सुचलं नाई वं?"

मी तिच्याकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं जिला जुनी बाई म्हणून मोडीत काढलं होतं, ती मुकाट्यानं आपल्या कातड्याचं सगळं ओळखून होती. पण तिचं घरात ऐकतं कोण! तिनं बाबांना सांगितलं, बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्या म्हणाली, "आई होय, ते तं म्हणनच." विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात शाळेत महारोगाचा तपासणीवाला आला. हे लोक गावोगाव सायकलीवर फिरायचे, शाळेतल्या पोरांच्या अंगावरचे डाग पाहायचे. आम्हाला ओसरीत रांगेत उभं केलं. माझी पाळी आली तशी मागच्या-पुढच्या पोरी दोन-दोन पावलं सरकल्या. मी ठरवलं होतं, काय असेल ते आज कळू दे. त्यानं पिशवीतून कापूस काढला, त्याचं टोक वळून बारीक केलं आणि म्हणाला, "डोळे मीट. जिथं लागन तिथं बोट ठेवजो."

मी डोळे मिटले. कपाळ. मी बोट ठेवलं. नाक. ठेवलं. मग गालाच्या डागावर अगदी हलकं, माशी बसावी इतकं. ठेवलं. हनुवटी. ठेवलं. त्यानं पुन्हा पुन्हा केलं, कान पाहिले, हात पाहिले, आणि म्हणाला, "महारोग नाई. महारोगाचा डाग बधिर राह्यते, त्याले कापूस समजत नाई. तुह्यं कातडं कोरडं आहे. साबण बंद, तेल चालू. अन् हे जाळलं कोणं?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. मग जे बोलला ते बहुधा प्रत्येक गावात बोलत असेल, कारण सुरात पाठ केल्यासारखं होतं: "घरी सांगजो. महारोग असता, तरी औषधाच्या गोया आहेत, बरा होते. अन् असता, तरी पोरगी घरचीच राह्यते."

मी घरापर्यंत पळत गेले. अंगणातूनच ओरडून सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला. आत्या म्हणाली, "सायकलवर फिरणाऱ्याले काय समजते? कापसानं का कुठं रोग समजते?" बाबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "साक्षगंध निपटू दे. मंग वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेतो तुले. तवापर्यंत पाहुण्याईच्या समोर नको येऊ."

साक्षगंधाच्या दिवशी मला कापसाच्या खोलीत बसवलं. वेचणी झाली की विकेपर्यंत आमचा कापूस घरातच असायचा; मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली. लहानपणी आम्ही दोघी त्या ढिगावर उड्या मारून आत्याच्या शिव्या खायचो. त्या दिवशी मी त्याच ढिगावर एकटी बसले, नवं परकर-पोलकं घालून. दाराला बाहेरून कडी लावली नव्हती, एवढी तरी त्यांना लाज होती. दारापलीकडेच बैठक होती. सगळं ऐकू येत होतं. पाहुणे आले, पाय धुतले, चहा झाला. ताईला पाटावर बसवलं. बांगड्यांचा आवाज, हसणं. कापसानं माझं अंग खाजत होतं आणि माझ्या बहिणीच्या कपाळाला कुंकू लागत होतं.

मग मुलाच्या आईचा आवाज आला, "अन् धाकटी पोरगी कुठं हाये? दिसून नाई राह्यली."

आत्या तडक म्हणाली, "ते हिंगणघाटले गेली, मावशीकडे."

आणि त्याच क्षणाला, बैठकीच्या दुसऱ्या टोकाकडून बाबा, "तिले ताप हाये जरा. निजली हाये."

बापा रे! सुपारी फोडायचा अडकित्ता थांबला. मग मुलाची आई सावकाश म्हणाली, "ताप हिंगणघाटले आला का इथं?"

कोणीतरी खोटं खोटं हसलं. मुलाकडची दुसरी एक बाई म्हणाली, "काही असन तं आधीच सांगा बापा. मंग उगाच तोंडातोंडी नको." ताईचा श्वास मला दाराआडून ऐकू आला की मला तसा भास झाला, माहीत नाही. एवढं मात्र लख्ख कळलं की मला लपवून सोयरीक वाचणार नव्हती. मला लपवूनच ती मोडणार होती. आणि मोडली असती तर जन्मभर म्हटलं गेलं असतं, हिच्या डागापायी मोडली.

मी ढिगातून कापसाचा एक पुंजका उपटला आणि दार उघडलं.

सगळ्या माना वळल्या. आत्यानं डोळे असे वटारले की दुसरी कोणी असती तर परत आत गेली असती.

"मी हिंगणघाटले गेली नाई अन् मले तापही नाई," मी म्हणाले. माझा आवाज चढलेला होता, मला तो खाली आणता येईना. "मले आतमंदी बसवलं होतं, तोंडावर डाग हायेत म्हणून. माह्यं कातडं कोरडं हाये, आईवाणी. साबणानं ते उललं अन् बावचीनं जळलं. घरच्यायले वाटते महारोग होय. शाळेत तपासणीवाल्यानं पाह्यलं, तो नाई म्हणते. तुमाले खोटं वाटत असन तं हे घ्या."

मी कापूस मुलाच्या आईपुढं धरला. टोक कसं वळायचं ते दाखवलं. म्हटलं, रोग असता तर डागावर कापूस समजला नसता. मी डोळे मिटते, तुम्ही कुठंही लावा, मी सांगते. आणि तिच्यासमोर जाऊन खाली बसले, डोळे मिटले.

काहीच झालं नाही. किती वेळ झालं नाही ते सांगता येत नाही. बाबा "अवं, ऊठ" असं काहीतरी पुटपुटले. मग माझ्या तोंडाजवळ काकणं वाजली.

"कपाय," मी म्हणाले. "नाक." मग "हनोटी, डागावरच." मग पुन्हा काकणं वाजली, पण काही लागलं नाही.

"आता सांग," ती म्हणाली.

"आता तुमी लावलाच नाई."

बायका हसल्या. ती बाई मोठ्यानं हसली. तिनं पुन्हा लावला, या खेपेला गालाच्या डागावर, इतका हलका की मला श्वास धरावा लागला. "गालावर. डागाच्या मधात." मग दुसरीनं कापूस मागितला, मग तिसरीनं. मी एकदाही चुकले नाही. तेवढ्यात मुलाच्या आईनं आपल्या पोलक्याची बाही वर केली. "हे पाय, माह्ये कोपरही हिवाळ्यात असेच पांढरे पडते. तू काय लावते वं?" मी म्हटलं, खोबरेल, पण ओल्या अंगावर, पुसायच्या आधी. आणि मग जी गंमत सुरू झाली ती काय सांगू! एक म्हणाली, माझं तोंड बेसनानं उलतं. दुसरी म्हणाली, माझं तर तेलानं अजून पुटकुळ्यांनी भरतं. साक्षगंध बाजूला राहिलं आणि बायका एकमेकींचे गाल चाचपून पाहायला लागल्या.

"पोट्टी खमकी हाये," मुलाची आई बाबांना म्हणाली. "लपवाची काऊन?"

तशी आत्या पुढं झाली. "मी तं पह्यलेपासून म्हणतच होती बापा, आमच्या पोरीले काहीच नाई!"

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी जिंकले होते, गप्प बसायला पाहिजे होतं. पण नाही बसले.

"अन् असतं तर?" मी म्हणाले.

मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मुलाकडच्या कोणीतरी म्हटलं, चांगल्या वेळेला असं बोलू नये पोरी. मग ओटी भरायला घेतली, साखर वाटली. ताईनं माझ्या तळहातावर साखर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या तळहाताकडे वळली. सोयरीक पक्की झाली. जेवणावळ उठली. उन्हं कलता कलता पाहुणे मोटारीच्या थांब्याकडे निघाले आणि घरातली माणसं त्यांना पोचवायला गेली.

मी मागच्या दारात बसले होते. ताई मोरीवर आली. कुंकू, हळद, साखरेचा चिकटा, दिवसभराचं तेल. तिनं साबण लावून तोंड खळखळ धुतलं. डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, आता खुंटीकडे हात जाईल. ती खुंटी ओलांडून पुढं आली. पाणी निथळत माझ्या डोक्यावरून वाकली, खिळ्यावरचा माझा टावेल ओढला आणि त्यानं तोंड पुसलं. कपाळ पुसलं, गाल पुसले, ओठ पुसले, काही घाई नाही.

"असतं, तरी," ती म्हणाली.

मग टावेल नेऊन आपल्या खुंटीवर तिच्या टावेलावर टांगला. मी उठले. बैलबंडीच्या हत्यारांतून पक्कड आणली आणि चौकटीतला तो खिळा उपसून काढला.